दिल्लीचा हिवाळा आणि शर्यतीची सायकल

दिल्लीच्या हिवाळ्याची कीर्ती महाराष्ट्रापर्यंत पोहोचली आहे. नोकरीनिमित्त किंवा शिक्षणासाठी राजधानीत राहून आलेला प्रत्येक मराठी माणूस तेथल्या गाजरहलव्याचे, शेंगदाण्यांच्या ढिगाभोवती रंगलेल्या गप्पांचे आणि गच्चीवरच्या कोवळ्या उन्हाचे वर्णन आवर्जून करतो. परंतु याच हिवाळ्यात, रविवारी पहाटे, अवघे शहर रजईत गुरफटून पडलेले असताना, इंडिया गेटच्या परिसरात लहान लहान दिव्यांची एक रांग हलू लागते. पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा आणि दोहोंच्या मध्ये पाठ वाकवून बसलेला सायकलस्वार. कोणी सरकारी कचेरीत काम करतो, कोणी इस्पितळात, कोणी गुरुग्रामच्या एखाद्या कंपनीत. कोणी महाविद्यालयाचा विद्यार्थी, तर कोणी सैन्यदलातून निवृत्त झालेला अधिकारी. सायकल हे यांच्यापैकी कोणाच्याच पोटापाण्याचे साधन नव्हे. हे हौशी शर्यतपटू होत. सोमवारी सकाळी हे सारे आपापल्या कामावर वेळेवर हजर व्हायचे असतात.

हौशी सायकलपटूंमध्ये थंडीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो : हिवाळ्यात सराव किती करावा? आठवड्याला किती तास, किती किलोमीटर, किती दिवस? वरवर पाहता हा केवळ आकड्यांचा प्रश्न वाटेल. दिल्लीत मात्र तो आकड्यांपाशी थांबत नाही. तेथे ‘किती’ या प्रश्नाआधी ‘केव्हा’ हा प्रश्न सोडवावा लागतो, आणि त्याचे उत्तर सायकलस्वाराच्या पायांत नसून त्याच्या डोक्यावरच्या हवेत असते.

सायकल-शर्यतीचे शास्त्र वाढले ते प्रामुख्याने युरोपात. तेथील शर्यतींचा हंगाम वसंत ऋतूत सुरू होऊन शरदात संपतो. १९०७ मध्ये प्रथम झालेली मिलान-सानरेमो शर्यत मार्च महिन्यात असते, तर १९०३ मध्ये सुरू झालेली सुप्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ जुलैमध्ये. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिकडे विसाव्याचा आणि पायाभरणीचा काळ. शेतकऱ्याने पेरणीपूर्वी जमीन नांगरून ठेवावी, तद्वतच तेथील शर्यतपटू हिवाळ्यात लांब पल्ल्याच्या, संथ गतीच्या फेऱ्या मारून शरीराची मशागत करतो. बाहेर बर्फ वा पाऊस असेल तर घरातच तीन रुळांच्या चौकटीवर, म्हणजे ‘रोलर’वर, सायकल चालवतो. पुस्तकांतून आणि मासिकांतून मिळणारा बहुतेक सल्ला या युरोपीय हिवाळ्याला अनुसरून लिहिलेला असतो.

तो सल्ला दिल्लीत जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तेथे ऋतूंची मांडणीच उलटी आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि ‘लू’ नावाचा उष्ण वारा अंगाची लाही लाही करतो. जुलै ते सप्टेंबर पाऊस आणि दमटपणा. तेव्हा आपल्याकडे रस्त्यावरच्या बहुतेक शर्यती थंडीच्या दिवसांतच होतात, हे ओघानेच आले. दिल्लीच्या हौशी सायकलपटूचा हिवाळा म्हणजे एकाच वेळी पेरणी आणि कापणी : सरावही याच दिवसांत आणि कसोटीही याच दिवसांत.

या शहराचा आणि सायकल-शर्यतीचा संबंध काही कालपरवाचा नाही. १९३८ च्या सिडनी येथील ब्रिटिश साम्राज्य क्रीडास्पर्धेत जानकीदास या सायकलपटूने हिंदुस्थानचे प्रतिनिधित्व केले. पुढे हिंदी चित्रपटांतील अभिनेते म्हणून ओळखले गेलेले हेच ते जानकीदास. त्यांनी आणि मुंबईच्या सोहराब भूत यांनी पुढाकार घेऊन १९४६ मध्ये या खेळाची राष्ट्रीय संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीतच भरल्या आणि त्यांतील मोजक्या खेळांमध्ये सायकलिंगला स्थान होते. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी यमुनेच्या काठी सायकल-शर्यतीची खास धावपट्टी, म्हणजे वेलोड्रोम, उभारण्यात आली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इंदिरा गांधी क्रीडासंकुलात २५० मीटर लांबीची, लाकडी फळ्यांची आणि छताखालची नवी वेलोड्रोम तयार झाली. त्याच स्पर्धांत ऑस्ट्रेलियाच्या ॲलन डेव्हिसने दिल्लीच्या रस्त्यांवरील शर्यत जिंकली, तर स्कॉटलंडच्या डेव्हिड मिलरने नोएडा-ग्रेटर नोएडा द्रुतगती मार्गावर वेळेविरुद्धची ४० किलोमीटरची शर्यत जिंकली.

वेलोड्रोमच्या वळणांवर धावपट्टी भिंतीसारखी चढती असते. वेग कमी पडला तर सायकल घसरून खाली यायची. येथेच देशाच्या राष्ट्रीय अकादमीतील मुलेमुली वर्षभर सराव करतात. २००४ च्या सुनामीतून वयाच्या नवव्या वर्षी वाचलेली अंदमानची डेबोरा हेरॉल्ड याच व्यवस्थेत घडली. अंदमान-निकोबारचाच एसो अल्बेन २०१८ मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवून आला. २०१९ मध्ये अल्बेन, मणिपूरचा रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग या त्रयीने कनिष्ठ गटाच्या सांघिक वेगशर्यतीत जगज्जेतेपद पटकावले, आणि २०२२ मध्ये रोनाल्डोने दिल्लीच्या याच धावपट्टीवर आशियाई स्पर्धेत वेगशर्यतीचे रौप्यपदक मिळवले. ही मुले पूर्ण वेळ खेळाडू. त्यांच्या दिमतीला प्रशिक्षक असतो, आहार ठरलेला असतो, डोक्यावर छप्पर असते. हौशी सायकलपटूच्या वाट्याला यांतले काहीच नसते. त्याच्यापाशी असते ती कचेरीच्या वेळेतून आणि घरच्या जबाबदाऱ्यांतून वाचवलेली थोडी फुरसत आणि दिल्लीचा उघडा रस्ता.

ही फुरसत असते तरी किती? रस्त्यावरील शर्यतींचा व्यावसायिक सायकलपटू आठवड्याला २० ते ३० तास सायकलवर घालवतो आणि वर्षाकाठी ३० हजार किलोमीटरच्या आसपास अंतर तोडतो. हौशी शर्यतपटूला आठवड्याला ६ ते १० तास मिळाले तरी तो स्वतःला भाग्यवान समजतो. सामान्यतः आठवड्याच्या मध्ये दोन-तीन वेळा तास-सव्वा तास, शनिवारी दोन तास आणि रविवारी तीन-चार तास, अशी ही विभागणी असते. एक दिवस संपूर्ण विश्रांती. तीन आठवडे हळूहळू भार वाढवायचा आणि चौथ्या आठवड्यात तो निम्म्यावर आणायचा, कारण शरीर बळकट होते ते श्रमाच्या वेळी नव्हे, तर श्रमानंतरच्या विश्रांतीत. कोल्हापूरच्या तालमीतील वस्ताद हेच तत्त्व आपल्या पठ्ठ्यांना वेगळ्या शब्दांत सांगत आले आहेत. जोर-बैठका जितक्या महत्त्वाच्या, तितकीच झोपही महत्त्वाची.

तासांपेक्षाही अधिक चुकते ती जोराची मात्रा. नवशिका शर्यतपटू प्रत्येक फेरी शर्यत समजून मारतो. रोज थोडा अधिक दमतो आणि जानेवारीअखेर आजारी पडतो. याउलट, सहनशक्तीच्या खेळांतील कसलेल्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्या आधुनिक शास्त्रज्ञांना असे आढळले आहे, की त्यांच्या सरावापैकी सुमारे ८० टक्के सत्रे सौम्य गतीची असतात आणि उरलेल्या थोड्या सत्रांतच ते खरा कस लावतात. सौम्य गती ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. सायकल चालवताना शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. वाक्य मध्येच तुटू लागले, की गती सौम्य राहिली नाही असे समजावे.

आपल्याकडच्या आयुर्वेदाला ही मर्यादा अपरिचित नव्हती. थंडीत जठराग्नी प्रदीप्त असतो आणि शरीराचे बळ उत्तम असते, म्हणून हा व्यायामाचा काळ, असे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सांगितले आहे. पण त्याच ग्रंथात पुढची अटही आहे. बलवान माणसाने आणि तेही शीतकाळात व वसंतात जो व्यायाम करायचा, तो आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. ज्या ऋतूत बळ सर्वाधिक, त्याच ऋतूसाठी आचार्यांनी ‘अर्धशक्ती’ची मर्यादा घालून दिली. ‘हिवाळ्यात सराव किती?’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका शब्दात सामावले आहे.

उरलेले निम्मे उत्तर शोधण्यासाठी दिल्लीचे रस्ते आणि दिल्लीची हवा यांकडे वळावे लागते.

रस्त्यांच्या बाबतीत पुण्याचा सायकलपटू दिल्लीत आला तर प्रथम त्याला एक उणीव जाणवते : येथे घाट नाही. पुण्याच्या मुलाला पहाटे उठून सिंहगड गाठता येतो, कात्रजची किंवा बोपदेवची चढण चढता येते. मुंबई-पुणे शर्यतीत तर बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणून गौरविले जाते. दिल्ली हे सपाटीवरचे शहर. तरीही अरवलीची जुनी, झिजलेली रांग दक्षिणेकडून शहरात शिरते आणि गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर लहानमोठे चढउतार निर्माण करते. दोन्ही बाजूंना खडकाळ टेकड्या आणि वेड्या बाभळीचे रान. राजधानीच्या कोलाहलातून निघून या रस्त्यावर आले, की क्षणभर आपण खानदेशातल्या एखाद्या आडवाटेवर आहोत असे वाटावे. एकच चढ आठ-दहा वेळा चढून घाटाची भूक भागवायची, अशी येथल्या सायकलपटूंची रीत आहे. उत्तरेकडे जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्याने सुमारे ५० किलोमीटरवर मुरथल लागते. तेथल्या ढाब्यांवरचे लोण्याचा गोळा घातलेले पराठे खाऊन परतले, की शंभर किलोमीटरचा हिशेब पुरा होतो. पराठ्याने शर्यतीची तयारी किती होते हा वादाचा विषय आहे. मैत्री मात्र निश्चित पक्की होते.

आता हवेकडे वळू.

विसावा घेत बसलेला प्रौढ माणूस दर मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. मध्यम गतीने सायकल चालवताना हेच प्रमाण ४० ते ६० लिटर होते आणि शर्यतीच्या ऐन जोरात १०० लिटरच्याही पलीकडे जाते. याचा अर्थ असा, की मिनिटाला ५० लिटर या हिशेबाने तीन तासांच्या रविवारच्या फेरीत सायकलस्वार सुमारे ९ हजार लिटर हवा फुप्फुसांत भरतो. तेवढी हवा घेण्यास स्वस्थ बसलेल्या माणसाला २० तासांहून अधिक काळ लागेल. शिवाय दमलेला माणूस तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे नाकातली गाळणीही चुकवली जाते. सायकलस्वार स्वतः धूर करीत नाही, पण रस्त्यावरच्या सर्वांपेक्षा अधिक धूर त्याच्याच छातीत जातो.

हवा किती दूषित आहे हे सांगणारा राष्ट्रीय निर्देशांक केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केला. त्यात शून्य ते ५० म्हणजे ‘चांगली’ हवा, ५१ ते १०० ‘समाधानकारक’, १०१ ते २०० ‘मध्यम’, २०१ ते ३०० ‘वाईट’, ३०१ ते ४०० ‘अतिशय वाईट’ आणि त्यापुढे ‘गंभीर’. दिल्लीचा हिवाळा यांतल्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर अनेकदा मुक्काम करतो. अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म अशा धूलिकणांची चोवीस तासांची सरासरी प्रतिघनमीटर ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असा भारतीय दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा तर केवळ १५ आहे. हे कण फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोहोचतात आणि हृदयालाही अपाय करतात. ज्या हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या बळासाठी सराव करायचा, त्यांनाच सरावाने इजा होण्याचा धोका, हा दिल्लीच्या हौशी शर्यतपटूपुढील खरा पेच होय.

खेळाच्या मैदानावर हा पेच साऱ्या देशाने पाहिला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये फिरोजशहा कोटला मैदानावरील कसोटी सामन्यात श्रीलंकेचे खेळाडू तोंडावर मुखपट्ट्या बांधून क्षेत्ररक्षणास उतरले होते. त्याआधीच्याच महिन्यात दिल्लीची अर्धमॅरेथॉन घ्यावी की नाही, यावर डॉक्टर आणि आयोजक यांच्यात जाहीर वाद झाला. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, ती शर्यत नोव्हेंबरऐवजी ऑक्टोबरमध्ये घेण्यात आली.

हिवाळ्यातच असे का घडते? पंजाब-हरियाणातील भाताचे खुंट जाळल्याचा धूर, वाहने, कारखाने, बांधकामाची धूळ, शेकोट्या ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु यांत निसर्गाचाही एक हात आहे. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर चढते आणि धूर आपल्याबरोबर नेते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, तर वरचा थर तुलनेने उबदार राहतो. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावे, तसा हा उबदार थर शहरावर बसतो. त्यातच रात्री शहरात मालमोटारींची वर्दळ वाढते. त्यांचा धूर या झाकणाखाली कोंडून राहतो आणि पहाटे हवा अत्यंत जड झालेली असते. पुढे सूर्य चढतो, जमीन तापते, झाकण हळूहळू उचलले जाते आणि साधारणतः दुपारी एक ते चारच्या दरम्यान हवा दिवसातली सर्वांत सुसह्य होते. संध्याकाळी पुन्हा झाकण बसते.

येथे आपल्या एका जुन्या, आवडत्या समजुतीला धक्का बसतो. व्यायाम पहाटे करावा, पहाटेची हवा शुद्ध असते, हे संस्कार आपल्या घराघरांत झाले आहेत, आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गावी ते खरेही आहेत. दिल्लीच्या डिसेंबरात मात्र पहाटेची हवा बहुधा दुपारपेक्षा वाईट असते. रस्ता मोकळा असतो, पण हवा कोंडलेली असते. आणि दुपारी हवा मोकळी होते तेव्हा रस्ता कोंडलेला असतो. या दोन टोकांमधून वाट काढणे म्हणजेच दिल्लीतला हिवाळी सराव.

जाणते सायकलपटू ही वाट हिवाळ्याचे तीन भाग पाडून काढतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा पहिला भाग धुराचा. दिवाळीची आतषबाजी आणि शेतातला धूर एकत्र येतात. या दिवसांत बाहेरचा सराव कमी, घरातला अधिक. पायांच्या आणि कमरेच्या बळासाठी व्यायाम, बैठका, वजने. पाय बळकट करण्यासाठी सायकलच हवी असे थोडेच आहे? डिसेंबर-जानेवारीचा दुसरा भाग धुक्याचा. या काळात आठवड्यातले दिवस घरच्या ‘ट्रेनर’वर आणि सुटीच्या दिवशी दुपारी रस्त्यावर, तेही निर्देशांक पाहूनच. फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा तिसरा भाग म्हणजे दिल्लीच्या सायकलपटूची सुगी. वारा वाहू लागतो, धुके विरते, दिवस मोठा होतो, काटेसावर फुलू लागते. वर्षभराचा जो काही कस लावायचा, तो या सहा आठवड्यांत. पहिल्या दोन भागांत ज्याने हाव धरली नाही, त्यालाच या तिसऱ्या भागात बळ उरते.

धुक्याविषयी दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. हवामान खात्याच्या परिभाषेत ५० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे धुके ‘अतिदाट’. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार ५० मीटर अंतर सहा सेकंदांत कापतो, आणि मागून ताशी ९० किलोमीटरने येणारी मोटार दोन सेकंदांत. अशा धुक्यात दिवा, परावर्तक पट्ट्यांचे जाकीट, शिरस्त्राण ही सारी साधने आवश्यक असली तरी अपुरी आहेत. राजधानीच्या रस्त्यांनी सायकलस्वारांचे बळी घेतले आहेत, याची जाणीव तेथील प्रत्येक गटाला असते. म्हणून जाणत्या गटात एक अलिखित नियम पाळला जातो : धुके दाट असेल तर चहा प्यायचा आणि घरी परतायचे. जानेवारीच्या प्रारंभी दिल्लीत सूर्योदयच सव्वासातच्या सुमारास होतो. त्याआधी निघून काही विशेष मिळवले असे नव्हे.

घरातला सराव म्हणजे सायकलचे मागचे चाक एका यंत्रावर बसवून जागच्या जागी पायडल मारणे. तो कंटाळवाणा खरा, पण वेळेची बचत करणारा. ना सिग्नल, ना उतार, ना गप्पा. बाहेरच्या दीड तासाचे काम तेथे तासाभरात होते असे अनेकांचे म्हणणे असते. मात्र बाहेरची वाईट हवा बंद खोलीतही शिरते, हे विसरता कामा नये. हवा शुद्ध करणारे यंत्र असेल तरच खोलीत जोराचा सराव करावा, नसेल तर त्या दिवशी योगासने करावीत. मुखपट्टीचा उपयोग कामावर जाता-येताना होतो. जोराच्या सरावात मात्र ती श्वासाला अडथळा करते.

थंडीचा बंदोबस्त त्या मानाने सोपा. दिल्लीत जानेवारीचे किमान तापमान सरासरी ७-८ अंशांच्या आसपास असते. पण ७ अंशांत ताशी ३० किलोमीटरने सायकल चालवली, तर वाऱ्यामुळे अंगाला ती थंडी सुमारे ३ अंशांसारखी बोचते. हातमोजे, कान झाकणारी टोपी आणि एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे, हा उपाय. युरोपातले जुने शर्यतपटू घाट उतरताना छातीवर, सदऱ्याच्या आत, वर्तमानपत्र घालीत. दिल्लीच्या पहाटे तो उपाय आजही उपयोगी पडतो. थंडीत तहान कमी लागते, पण घाम थांबलेला नसतो, म्हणून पाणी आठवणीने प्यावे. खाण्याच्या बाबतीत मराठी सायकलपटूला परदेशी पाकिटांवर पैसे घालवण्याचे कारण नाही. खिशातली शेंगदाण्याची चिक्की, खजूर, संक्रांतीची तिळाची वडी आणि दिल्लीत राहून ओळखीची झालेली गजक, हे लांब पल्ल्याचे उत्तम इंधन होय.

शर्यतीपेक्षा लांब पल्ल्याची ओढ असणाऱ्यांसाठी हिवाळ्यात आणखी एक वाट खुली असते. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या मोहिमा देशभर आणि दिल्लीतही होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. यात पहिला-दुसरा कोणी नसतो. वेळेत पोहोचणारे सारेच यशस्वी. महाराष्ट्राने या क्षेत्रात मोठी नावे दिली आहेत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. हे तिघेही आपला वैद्यकीय व्यवसाय सांभाळून सराव करणारे. कामाचा माणूस काय करू शकतो, याचे हे बोलके उदाहरण.

आणि आता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी शर्यतीच्या सायकलचा ध्यास घेते, निवडचाचणीची तारीख भिंतीवर लिहून ठेवते आणि नोव्हेंबरच्या धुरकट पहाटे पाच वाजता दार उघडू लागते, तेव्हा आईवडिलांनी काय करावे? रोखले तर उत्साह मावळतो, सोडले तर काळजी जाळते. वाढत्या वयातील मुलांची फुप्फुसे अजून पूर्ण घडायची असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हा निर्णय अधिक नाजूक. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या दिवसांतील शाळांच्या मैदानी स्पर्धा पुढे ढकलण्याचा विचार व्हावा असे सुचविले, ते याच कारणाने. अशा वेळी ‘जाऊ नकोस’ या शब्दांऐवजी ‘आज आकडा काय आहे, ते आपण दोघे पाहू’ असे म्हणणे हिताचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या भ्रमणध्वनीवरील सुविधेत आपल्या जवळच्या केंद्राचा निर्देशांक दिसतो. २०० च्या आत असेल तर खुशाल जावे, २०० ते ३०० असेल तर सौम्य गतीने, थोडा वेळ, त्यापुढे घरातच. हा नियम आम्ही सावधगिरीच्या बाजूने सांगत आहोत. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्याने २०० च्या आतही वैद्यांच्या सल्ल्यानेच वागावे. मुलाने स्वतः आकडा पाहून स्वतः सायकल भिंतीला टेकवून ठेवली, तर तोही त्या दिवशीचा सरावच समजावा. कारण संयम हाही शर्यतीचाच एक भाग आहे.

पुढचा मार्ग केवळ वैयक्तिक सावधगिरीचा नाही. ज्या शहरात सायकलस्वाराला हवेचा आकडा पाहून दार उघडावे लागते, त्या शहराने सायकलस्वाराकडून बरेच शिकण्यासारखे आहे. त्याचे वाहन धूर सोडत नाही, रस्त्यावर जागा थोडी व्यापते आणि इंधन म्हणून चिक्कीचा तुकडा मागते. दिल्लीच्या हवेचे झाकण उचलायचे असेल, तर शर्यतीसाठी नव्हे, तर कामावर जाण्यासाठी सायकल वापरणाऱ्या लाखो सामान्यांना सुरक्षित रस्ता मिळायला हवा. हौशी शर्यतपटूंचा हा लहानसा समुदाय त्यांच्या वतीने रोज पहाटे त्या हवेची चव घेत आहे.

तोपर्यंत डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी, धुके विरल्यावर, गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर चार-सहा सायकलस्वार एकमेकांशी पूर्ण वाक्यांत बोलत संथ गतीने जाताना दिसले, तर ते आळशी आहेत असे समजू नये. ते आपले निम्मे बळ फेब्रुवारीसाठी राखून ठेवीत आहेत.